झाडाच्या वाट्याचं पाणी

आमच्या मामाजींच्या रडक्या झाडाची गोष्ट माझ्या नात्यात कुणालाही विचारा, पाठ असेल. लग्नाच्या मांडवात, बारशात, महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून बायका जरा टेकल्या की कुणीतरी म्हणतंच, ‘सुधा, ते झाडाचं सांग ना.’ मग मी पदर खोचून सुरू होते. हातवारे, आवाज, नकला, सगळं. लोक पोट धरून हसतात. पण त्या गोष्टीचा शेवट मी आजवर एकालाही खरा सांगितलेला नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि ऐकताना माझ्या तोंडाकडे पाहणार नाही.

बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. शेतकी खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि वर्ध्याच्या कडेला एका लेआउटमध्ये त्यांनी घर बांधलं. बोलणं मोजकं. रागावणं तर मी पाहिलंच नव्हतं. आम्हा दोघी सुनांना ते नावाने हाक मारत नसत. थोरली मंदाताई ती ‘मोठी’, आणि मी ‘लहानी’. मंदाताई आर्वीला राहतात, भासऱ्यांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची, नोकरी तिकडे. त्यांचं माहेर आंजीचं, शेतकऱ्याघरचं. जे मनात ते ओठावर, आणि तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मी वर्ध्याला, मामाजींजवळ. बारा महिने त्यांचा चहा, औषधं, गरम पोळी माझ्याकडे. हे मी मुद्दाम सांगते आहे का? हो. मुद्दामच. कारण मंदाताई एस.टी.तून उतरून आल्या, पिशवी अजून हातातच असली, तरी व्हरांड्यातल्या खुर्चीवरून हाक यायची — ‘मोठे, पाणी दे वं.’ मी समोर उभी असायची. माठ माझ्या हाताशी. तरी पाणी मोठीने द्यायचं. त्या तांब्या विसळायच्या, माठातलं पाणी घ्यायच्या, तांब्याचं बूड पदराने पुसायच्या आणि मामाजींचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या.

एकदा मी हसत हसत विचारलं, ‘मामाजी, मी काय खारं पाणी देते का?’

ते म्हणाले, ‘तू पाणी ठेवते लहाने. मोठी देते.’

सगळे हसले. मीही हसले. माझं हसणं तेव्हा किती खरं होतं, ते तुम्हीच ठरवा.

आता झाड. सासूबाई असताना मामाजींनी सरकारी सवलतीवर एकच मोठा प्रवास केला होता, हिमाचलात. तिथे कुठल्याशा विश्रामगृहाच्या अंगणात एक झाड होतं. फांद्या सगळ्या खाली लोंबणाऱ्या, जमिनीला टेकतील अशा, आणि पानाआधी नुसती गुलाबी-पांढरी फुलं. क्रॅबॲपल. खायच्या सफरचंदाची शोभेची बहीण म्हणा. सासूबाई त्या फांद्यांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या आणि मामाजींनी फोटो काढला. फोटोत फुलंच फुलं, मधे सासूबाईंचं नाक आणि चष्मा. त्या गेल्यावर तो फोटो मामाजींच्या कपाटावर आला. आणि मग एका थंडीत त्यांचा पुतण्या — तो फौजेत, तिकडेच नेमणूक — सुटीवर येताना ओल्या पोत्यात गुंडाळून ते झाड घेऊन आला.

झाड कसलं, काडी. एक पान नाही. तो पोरगा दोन गाड्या बदलून, रात्रभर मांडीवर धरून काडी घेऊन आला म्हणून मी आठवडाभर हसत होते. आणि त्या काडीसाठी मामाजींनी जे केलं ते मी सांगायला लागले की मांडव हसायचा. आमची माती काळी, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. त्यांनी पूर्वेच्या बाजूला कंबरेएवढा खड्डा करवला, काळी माती काढून टाकली, मुरूम, वाळू, शेणखत भरलं आणि वर उंचवटा केला, म्हणजे पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबणार नाही. सकाळचं ऊन मिळावं, दुपारी घराची सावली पडावी. बाजूला बांबू. वर हिरवी जाळी. बुडाशी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरतो तो भुसा. आणि मुळाजवळ एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. मडक्यात पाणी भरायचं, ते मातीतून हळूहळू पाझरतं आणि मुळं आपल्या तोंडाने पितात. ‘आपल्या तोंडाने’ हे मामाजींचे शब्द.

मला त्यांनी खोडावरची गाठ दाखवली होती. हे कलम. गाठीच्या वरचं ते लोंबणारं झाड, खालचा रानटी सफरचंदाचा खुंट. खुंटावर सरळ फुटवे येतात, जोमदार, हिरवेगार. ते दिसले की खुडायचे, नाही तर सगळा रस तेच खातात आणि वरचं झाड उपाशी मरतं. हे मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. पुढे मी अडाण्याचं सोंग घेणार आहे.

झाड जगलं. वर्ध्याच्या उन्हात हिमाचलचं झाड! दर मे महिन्यात पानांच्या कडा जळायच्या, पावसात पुन्हा पालवी यायची. फांद्या खाली वळल्या, छत्रीसारखं दिसायला लागलं. पण फूल नाही. त्याला थंडी लागते, झोप लागते म्हणे. इथे कुठली झोप? मग मामाजी डिसेंबरात स्टुलावर बसून एकेक पान हाताने तोडायचे — झाडाला वाटावं, थंडी पडली, झोपावं. शेजारचे थांबून पाहायचे. मी खिडकीतून नवऱ्याला म्हणायची, ‘तुमचे बाबा झाडाची हजामत करून राहिलेत.’

एका वर्षी महालक्ष्म्यांना सगळे जमले होते. मंदाताईंनी झाड नीट पाहिलं आणि अंगणातूनच म्हणाल्या, ‘मामाजी, दारात हे रडणारं झाड कायले पाह्यजे? सगळ्या फांद्या खाली. अपशकुन वाटते मले. कापून फेका त्याले.’

मामाजी म्हणाले, ‘ते रडून नाई राह्यलं मोठे. वाकून पाहून राह्यलं.’

‘कोनाले पाहून राह्यलं?’

मामाजी खुर्चीवर टेकले. ‘पाणी दे वं,’ म्हणाले. मंदाताईंनी पाणी दिलं. विषय संपला.

म्हणजे तिथे संपला. मी संपू दिला नाही. ‘कापून फेका त्याले’ हे मी इतकं हुबेहूब करायची — कमरेवर हात, मान वाकडी — की कार्यक्रम असो नसो, माझ्याकडे फर्माईश यायची. मामाजींसमोरसुद्धा मी ते करून दाखवलं आहे. ते हसायचे. आज विचार करते, त्यांच्या मनात ते वाक्य कुणी पक्कं केलं? मंदाताईंनी तर ते एकदाच म्हटलं होतं.

आणि एका फेब्रुवारीत झाड फुललं. फार नाही. एका फांदीवर मूठभर फुलं. मामाजींनी आम्हाला हाक मारली नाही. सासूबाईंचा तो फोटो आणून त्यांनी व्हरांड्यात, झाडाकडे तोंड करून ठेवला आणि शेजारी बसून राहिले. मी चहा घेऊन गेले, तशीच परत आले. ही गोष्ट मी मांडवात कधी सांगितलेली नाही. यात हसण्यासारखं काही नव्हतं ना.

त्याच उन्हाळ्यात मामाजींच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, बायपास झाली. माझी नणंद नागपूरला असते, तिने त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी आपल्याकडेच ठेवून घेतलं. जाताना, गाडीत बसवल्यावर, काच खाली करून ते मला एकच गोष्ट म्हणाले — ‘लहाने, मडकं रिकामं राहू देऊ नको.’

मी म्हटलं, ‘काळजी करू नका.’

काळजी करू नका! किती सोपं असतं हो म्हणणं.

आता तुम्हाला आमचा मे महिना माहीत नसेल तर सांगते. नळ एक दिवसाआड, तोही घाईघाईने. बोअर शिंकल्यासारखी चार थेंब देते. आणि घरात कूलर. मे महिन्यात वर्ध्यात कूलर हा घरातला सगळ्यात लाडका माणूस. त्याला आधी पाणी, मग बाकीच्यांना. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीभर जो गार वास सुटतो, त्यापुढे माणुसकी टिकत नाही. निदान माझी टिकली नाही. भरलेल्या पाण्यात कूलरच्या बादल्या होत्या आणि झाडाची एक होती. पहिले काही दिवस मी झाडाची बादली झाडाला दिली. मग एका दुपारी कूलरची टाकी मधेच कोरडी पडली, मालिका ऐन रंगात होती, आणि मी झाडाची बादली उचलून कूलरमध्ये ओतली. एक दिवस. दुसऱ्या दिवशीही.

घरात कुणी आजारी नव्हतं. तान्हं बाळ नव्हतं. मी होते, मालिका होती आणि दुपारची झोप होती.

पुढे तर मी त्या अंगणात जायचंच टाळलं. खिडकीतून दिसायचं — पानं तपकिरी, फांद्या वाळलेल्या केसांसारख्या. आणि गाठीच्या खाली एक फुटवा, सरळ, हिरवागार, वर निघालेला. तो खुडायचा हे मला माहीत होतं. खुडला नाही. म्हटलं, काहीतरी तर हिरवं आहे.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगितलंही असतं. आळस झाला, विसरले, ऊन फार होतं — माणसं माफ करतात असं. पण मी इथे थांबले नाही.

अक्षयतृतीयेला मंदाताई आल्या. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, आत वाळा, वर आंबा, पूजा, पुरणाचा नैवेद्य. सासूबाईंची घागर नेहमी वर्ध्याच्या घरात आणि नेहमी मोठीच्या हातची. मामाजी नागपूरला, पण घागर चुकायला नको म्हणून त्या आर्वीहून आल्या. पूजा झाली. मी स्वयंपाकघरात कुरडया तळत होते. तिथल्या खिडकीतून मी पाहिलं — मंदाताई घागर कंबरेवर घेऊन पूर्वेच्या अंगणात गेल्या. त्यांना ते झाड आवडत नव्हतं. अपशकुनी म्हणायच्या. त्या मडक्यापाशी बसल्या, झाकण उचललं, आत पाहिलं. आत काय होतं मला माहीत होतं. वाळकी पानं आणि मुंग्या. त्यांनी मडकं हाताने साफ केलं आणि सासूबाईंच्या नावाची घागर त्यात ओतली. सगळी. सावकाश, थांबत थांबत, मामाजींना पाणी देतात तशी.

आत येऊन मला म्हणाल्या, ‘मडकं तं पार कोरडं पडलं वं सुधा. घरचं पाहता पाहता राहून गेलं असन तुह्यानं. मी टाकलं पानी. सासूबाईचं झाड होय, मेलं तं मामाजीच्या जिवाले लागन.’

बस. एवढंच. रागावल्या नाहीत, टोमणा नाही. आर्वीला जाऊन कुणाला सांगितलं नाही, नागपूरला फोनवर नणंदेला नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तर पहिली बादली त्यांनी स्वतः झाडाला टाकली आणि मग गाडी पकडली.

त्या गेल्यावर मी चार दिवस लाजेने मडकं भरलं. मग पुन्हा जैसे थे. पण त्या पाण्याने काम केलं होतं. वरच्या वाळलेल्या पसाऱ्यात एका बाजूची फांदी हिरवी झाली. बोटभर लांबीची नवी पानं. एकच फांदी, खाली लोंबलेली.

आणि नणंदेचा फोन आला — बाबांना परवा आणतो.

आता मी तुमच्याशी घोळ घालते आहे, मला कळतंय. कूलरचं सांगितलं, मालिकेचं सांगितलं, स्वतःला हसले. माझी ती युक्तीच आहे. आपण आधी स्वतःला हसलो की दुसरा मारत नाही. पण आता पुढचं हसून सांगता येत नाही.

त्या दुपारी मी मामाजींची छाटणीची कात्री घेतली. ती दाराआड खिळ्याला टांगलेली असायची, तेल लावून, पुसून. मी अंगणात गेले आणि गाठीच्या वरच्या सगळ्या वाळक्या फांद्या कापल्या. आणि ती हिरवी फांदीही कापली.

का?

मी याची उत्तरं खूप तयार केली आहेत. सगळंच वाळलं तर लू लागली, उन्हाच्या झळा लागल्या, म्हणता येतं. एक फांदी जगली तर मामाजी विचारतील, ही जगली मग बाकीच्यांना काय झालं? हे एक उत्तर. अर्धं मेलेलं झाड पाहून आजारी माणसाला त्रास होईल — हे मी नवऱ्यासाठी तयार केलेलं. पण मोकळ्या मनाने सांगायचं तर, ती फांदी हिरवी झाली होती मंदाताईंच्या पाण्याने. मी महिनाभर घरात असून जे केलं नाही ते त्यांनी एका घागरीत केलं होतं. ‘तू ठेवते, मोठी देते.’ ती फांदी माझ्याकडे पाहून तेच म्हणत होती. मी ती कापली. कापताना आतून ओली होती. फांद्या घंटागाडीत टाकल्या आणि कात्री जागेवर टांगली.

पुसली नाही.

मामाजी आले. बारीक झालेले, सदऱ्याच्या गुंड्या सैल. खुर्चीवर बसायच्या आधी झाडाकडे गेले. मी मागे उभी राहून अडाण्याचं सोंग सुरू केलं — ‘लू लागली हो मामाजी, सगळं जळलं, पण हे बघा खालून नवीन आलंय, किती सरळ!’ त्यांनी फुटव्याकडे पाहिलंही नाही. कापलेल्या फांद्यांच्या खुंटांवरून हात फिरवत गेले. एकापाशी थांबले. नखाने साल खरवडली. खाली हिरवं होतं.

मग दाराआडची कात्री काढली, पातं उन्हात धरलं. पात्यावर रस वाळून काळा झाला होता. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. पुसता पुसता विचारलं, ‘झाडाजवळ कोण गेलं होतं?’

मी म्हणाले, ‘मंदाताई गेल्या होत्या, अक्षयतृतीयेला. मी आत होते, तळण चालू होतं.’

पुन्हा ऐका. यातला एक शब्द खोटा नाही. त्या गेल्या होत्या. मी आत होते. तळण चालू होतं. इतक्या वर्षांत मी स्वतःला हेच सांगत आले — सुधा, तू खोटं बोलली नाहीस.

मामाजी ‘बरं’ म्हणाले. कात्री टांगली. आत जाऊन झोपले.

त्यांनी मंदाताईंना कधी काही विचारलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला पोरांना ओवाळणी तशीच, भासऱ्यांशी पिकापाण्याच्या गप्पा तशाच. फक्त एक झालं. पुढच्या वेळी मंदाताई आल्या, पिशवी हातात, घाम पुसत व्हरांड्यात उभ्या. मामाजींनी मान वळवली आणि आत हाक मारली — ‘लहाने, पाणी दे.’

मी दिलं. तांब्याचं बूड पदराने पुसून दिलं. पिऊन होईपर्यंत उभी राहिले. शिकले मी ते.

त्यानंतर ते गेले तोवर त्यांनी मोठीच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या तांब्या घेऊन पुढे झाल्या तर म्हणायचे, ‘राहू दे, तहान नाई,’ आणि जरा वेळाने मला हाक. वाढलेलं जेवायचे, चहा घ्यायचे. पाणी नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. लक्षात फक्त दोघींच्या आलं.

एकदा भांडी आवरताना त्यांनी मला विचारलं, माझ्याकडे न बघता, ‘सुधा, मामाजी मले पानी काऊन मांगत नाई वं आता? मी काई बोलली का त्याहीले?’

मी काय म्हणावं? माझ्या हातात ताट होतं. मी म्हणाले, ‘वय झालं ताई. ऑपरेशननंतर माणूस बदलतो. मनावर घेऊ नका.’

‘हाओ,’ त्या म्हणाल्या. ‘तसंच असन.’ आणि पुढच्या फेरीत त्यांनी मामाजींसाठी आंजीहून नवा माठ आणला. पाणी गोड लागतं म्हणे त्या मातीचं. त्या माठातलं पाणी मी मामाजींना देत राहिले.

आणि झाडाची गोष्ट? ती मी चालू ठेवली. नवा शेवट जोडला. तो सरळ फुटवा मामाजींनी खुडला नाही, वाढू दिला. आयुष्यभर फुटवे खुडणारा माणूस, ‘आता हेच राहू द्या,’ म्हणाला. सरळसोट झाड झालं, फूल कधी नाही, फळ नाही. मी मांडवात सांगायची — ‘आणि मामाजी नागपूरहून येतात तर काय, झाडाचं रडणंच थांबलेलं! दवाखान्याचं बिल पाहून मात्र मामाजी रडले.’ हशा. मंदाताई माझ्या शेजारी बसून हसायच्या. ‘कापून फेका त्याले’ आलं की मला कोपर मारायच्या, ‘चाल, बदमाश.’

मामाजी मागल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. घरीच. सकाळची वेळ, आम्ही सगळे खाटेभोवती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. श्वास थांबत थांबत चालला होता पण डोळे उघडे होते, ऐकू येत होतं. कुणीतरी गंगाजळाची वाटी आणि चमचा मंदाताईंच्या हातात दिला, थोरली सून म्हणून. त्यांनी चमचा ओठांशी नेला. मामाजींनी ओठ मिटले. मान फिरवायची ताकद नव्हती, नुसते मिटले. मंदाताई थांबल्या, पुन्हा नेला. पुन्हा मिटले.

मग त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. ‘तू दे,’ म्हणाल्या, अगदी हळू. ‘तुह्या हातचं घेतात ते.’

तेव्हा सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. मामाजी, फांदी मी कापली. मोठीने पाणी घातलं होतं. एवढंच. त्यांना ऐकू येत होतं, हे मी आत्ताच तुम्हाला सांगितलं. सगळं घर उभं होतं, नवरा, भासरे, नणंद, पोरं. मी घराकडे पाहिलं.

आणि चमचा पुढे केला. मामाजींनी ओठ उघडले.

यंदाच्या अक्षयतृतीयेला मामाजींची पहिली घागर होती. मंदाताई आदल्या दिवशीच आल्या. घागर त्यांनीच आणली, त्यांनीच धुतली, आत वाळा टाकला. पूजा झाल्यावर म्हणाल्या, ‘ह्या घागरीचं पानी झाडाले टाकू वं सुधा. त्याहीचा जीव होता तिथं.’ आम्ही दोघी पूर्वेच्या अंगणात गेलो. मडकं अजून आहे. गळ्याला चीर गेली आहे, पण पाणी धरतं. मंदाताईंनी घागर कंबरेवरून उतरवली, मडक्यावर तिरपी धरली, आणि थांबल्या.

‘मामाजी माह्या हातचं घेतीन का वं?’

मला विचारलं त्यांनी. माझ्याकडे बघून विचारलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत, ते मी तेव्हा पाहिलं. माझं गप्प राहणं त्यांना उत्तर वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली, घागर माझ्याकडे सरकवली आणि स्वतः एक पाऊल मागे झाल्या.

मी घागर घेतली. मडक्यात ओतली, सगळी. सावकाश, थांबत थांबत, त्या ओततात तशी. मंदाताई मागे हात जोडून उभ्या होत्या. आत, बंद दारामागे, कूलर चालू होता.